आधी 'तुंबाडचे खोत' घ्या

आज मालगुंडला केशवसुत स्मारकाजवळ आम्ही काही लिहिणारी मंडळी भेटलो. नव्यापेक्षा जुन्या पुस्तकांवरच जास्त बोललो. मी सध्या श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' पुन्हा वाचतोय. १९८७ ची दोन खंडांची कादंबरी, जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या चार पिढ्यांची. जाडी बघून घाबरू नका, पावसाळा आहेच. त्यातली माणसं इतकी आपल्याकडची निघतात की मधेच पुस्तक मिटून बसावं लागतं. मग जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' घ्या.

बोलता बोलता चिं. त्र्यं. खानोलकरांचा विषय निघाला. कुडाळला खानावळ चालवणारा हा माणूस आरती प्रभू या नावाने 'सत्यकथा' मासिकात छापून आला. पुढे मुंबईत आकाशवाणीवर नोकरी मिळायला मंगेश पाडगावकरांची मदत झाली. एका कवीने दुसऱ्याच्या पोटापाण्याची काळजी करावी, याहून मोठी दाद कुठली?

आमच्या दापोलीच्या ताईंनी माझ्या कथांचं बाड ऐन आंब्यात, पेट्या भरायच्या धामधुमीत वाचलं. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. "शेवटचा परिच्छेद काढ रे, गोष्ट आधीच संपलीय," म्हणाल्या. काढला, आणि कथा खरंच उभी राहिली. असं वाचणारं माणूस मिळणं हे भाग्यच.

देवरुखच्या आमच्या एका मैत्रिणीचा पहिला कवितासंग्रह येतोय. भेटीची प्रत कुणी मागायची नाही, प्रत्येकाने विकतच घ्यायची, असं आज ठरलंय.