सर्व्हर चालतोय, मग रीबूट कशाला?

वर्षभर न कुरकुरता चाललेला सर्व्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अपडेटसाठी रीबूट का करायचा, हे मला आठवड्यातून दोनदा तरी विचारलं जातं. एकदाच लिहून टाकतो.

डर्टी पाइप हे लिनक्स कर्नलमधलं सुरक्षेचं भोक घ्या. एप्रिल २०२१ मध्ये मॅक्स केलरमान या प्रोग्रामरकडे साधी तक्रार आली: लॉगची जीझिप (आकसलेली) फाइल उघडताना सीआरसी, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते तपासायचा आकडा, चुकतोय. फाइल दुरुस्त केली, विषय संपला. काही महिन्यांनी पुन्हा तेच. बिघडायची ती बहुधा महिनाअखेरची फाइल, तिचेही फक्त शेवटचे ८ बाइट. तिथे सीआरसी आणि लांबी हवी, तर 'पीके'पासून सुरू होणारा झिपचा मथळा बसलेला. झिप बनवणारा एकच प्रोग्राम होता आणि त्याला या फाइलींवर लिहायची परवानगीच नव्हती. लिहिलं होतं कर्नलने.

पाइप म्हणजे एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याकडे नेणारी नळी. कर्नलच्या स्प्लाइस या सोयीने फाइल तीत टाकली की फाइलचं पान (डेटाचा तुकडा) पाइपमध्ये कॉपी होत नाही. पाइपचा बफर थेट पेज कॅशमधल्या, म्हणजे फाइलच्या मेमरीतल्या प्रतीतल्या, पानाकडे बोट दाखवतो. बफरचे फ्लॅग (खुणा) शून्य करायचे राहून गेले होते. 'यातच पुढे भर घाला' हा जुना फ्लॅग तसाच उरायचा आणि पाइपमध्ये पुढे लिहिलेलं त्या फाइलच्या पानात जायचं. म्हणजे जी फाइल नुसती वाचता येते, तीत कुणीही लिहू शकतो. पासवर्ड फाइलसुद्धा. वर कर्नल ते पान 'बदललं' असं नोंदवत नाही, त्यामुळे डिस्कवर बहुधा मागमूसही नाही. हे भोक कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासूनचं. दुरुस्ती काय, तर फ्लॅग शून्य करणाऱ्या दोन ओळी. त्या ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये आल्या.

'आमच्याकडे बाहेरचं कुणी लॉगिन करत नाही.' पूर्वी मीही असंच म्हणायचो. लोकल भोक, म्हणजे आधीच मशीनवर असलेल्यालाच वापरता येणारं; आपल्याला काय! पण वेबसाइटचं एखादं जुनाट प्लगइन फुटलं की हल्लेखोर वेब सर्व्हरचा युजर बनून आत असतोच. तिथून रूटपर्यंतचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरपर्यंतचा, जिना कर्नल देतो.

आणि अपडेट 'टाकलं' म्हणजे झालं नाही. नवा कर्नल डिस्कवरच्या बूट विभाजनात पडून राहतो, मेमरीत जुनाच चालतो. युनेम मायनस आर (uname -r) ही कमांड चालू कर्नलची कोणती आवृत्ती दाखवते ते बघा. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका. डेबियन, रेड हॅट ही लिनक्स वितरणं जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती आणतात, म्हणून पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) वाचा.

अपडेटने काहीतरी बिघडेल ही तुमची भीती खोटी नाही. डर्टी काऊ या २०१६ च्या कर्नलमधल्या भोकाच्या दुरुस्तीतच भोक राहिलं, ते २०१७ मध्ये बुजवावं लागलं. बाहेरून बसवलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरसारखी कर्नलची जोड) नव्या कर्नलवर बिल्ड झालं नाही, तर नेटवर्क कार्डही गायब होतं. रीबूट न करता चालू कर्नल दुरुस्त करणारा लाइव्ह पॅच आहे, पण सगळ्याच दुरुस्त्या त्यातून येत नाहीत. म्हणून ग्रबमध्ये (बूट होताना कर्नल निवडायच्या मेनूत) आधीचा एक कर्नल ठेवा, रीबूटआधी कन्सोल (नेटवर्क गेलं तरी मशीनपर्यंत पोचायची वाट) उघडतोय ना ते तपासा. आणि बूट विभाजनात जागा आहे का तेही बघा; ते भरलं की अपडेट अर्ध्यात अडकतं आणि फोन मला येतो.