मे महिन्यातला डोस, नोव्हेंबरातला डोस

गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत द्यायची असेल, तर आधी बाटलीच्या प्रवासाचं बघा. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास. सीताबर्डीत मेडिकल स्टोअरमधून घेतली, स्कूटीच्या डिक्कीत टाकली आणि धंतोलीला डॉक्टरांकडे नेली, असं करू नका. उन्हाच्या धास्तीने काही जण ती थेट बर्फात खुपसतात. ते आणखी वाईट. गोठली की लशीतल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात. पुन्हा वितळून चांगली दिसली तरी ती वायाच गेली. ज्या दवाखान्याच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये लस असते, तिथेच टोचून घ्या.

पहिला डोस पंधराव्या वाढदिवसाआधी झाला तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन पुरतात. पहिला मे महिन्यात, तर दुसरा नोव्हेंबरात. दिवाळीच्या गडबडीत विसरतो तो हाच. विसरला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला तेवढा घ्या. मात्र घाईने पाच महिन्यांच्या आत घेतला, तर तिसरा घ्यावा लागतो. वय १५ पूर्ण झालं की तीनच: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी वयात एका डोसचा पर्यायही मान्य केला आहे.

सुई दंडात, ०.५ मिली. मुलींना कधी कधी चक्कर येते, म्हणून उपाशीपोटी नेऊ नका आणि नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा. लशीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या कवचातलं प्रथिन असतं.

“एवढ्याशा पोरीला कशाला?” हा प्रश्न हमखास येतो. लस संसर्ग अडवते, झालेला बरा करत नाही. आणि हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, म्हणून ती त्याच्या बरीच आधी द्यायची.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर चालते. यातले १६ आणि १८ मिळून सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर घडवतात. उरलेल्यांसाठी तपासणी लागतेच, लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीनंतर. तिच्या आईने तर आत्ताच करावी. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागात विचारा. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरे डाग दिसतात का ते बघतात, काही मिनिटांचं काम. फक्त पाळीचे दिवस सोडून जा.