गॅस भरण्याआधी मागचं कव्हर उघडा: फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा माझा अनुभव

फ्रीझरमधला बर्फ घट्ट, पण खालच्या खणातलं दूध दुसऱ्या दिवशी फाटलेलं. डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये असं झालं की बहुतेक वेळा पहिला निकाल एकच लागतो: "गॅस गेलाय." नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या घरी आलेल्या मेकॅनिकनेही फ्रीझरचं आतलं कव्हर न उघडता तेच सांगितलं. गॅस भरायचा खर्च हजारांत जातो, आणि दोष डिफ्रॉस्टचा, म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवण्याच्या सोयीचा, असेल तर तो पैसा पाण्यात. म्हणून आधी बर्फ धरणारी आतली कॉइल बघायची असं ठरवलं.

या फ्रीजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिक कव्हरच्या आड. पंखा तिच्यावरून हवा ओढतो, थोडी फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी नळीतून खाली पाठवतो. हवेतली वाफ कॉइलवर गोठते. साधारण आठ ते बारा तास कॉम्प्रेसर चालला की टायमर त्याला थांबवतो आणि तो बर्फ वितळवायला वीस-तीस मिनिटं कॉइलखालचा हीटर लावतो. हीटर लागलाच नाही तर कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बर्फाने बुजतात आणि हवा पलीकडे जात नाही. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्यामुळे तग धरतो, खालचा खण मात्र आधी मरतो. पंख्याची पाती बर्फाला घासून खरखर आवाज येणं ही पुढची पायरी.

प्लग काढला, सामान थर्माकोलच्या खोक्यात हलवलं. (थंडीत मटार स्वस्त झाले की नाशिकच्या घरांतले फ्रीझर गच्च भरतात; पिशव्या मागच्या जाळीला टेकवून ठेवल्या तरी हवा अडते, ते आधी बघून घ्यावं.) कव्हरचे स्क्रू काढले तरी ते बर्फाने धरून ठेवलेलं असतं. ओढू नका, थंड प्लास्टिक चटकन तडकतं. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, हात फिरता ठेवून. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ टोकरायचा नाही. मागच्या स्टिकरवर आर ६००ए लिहिलेलं असेल तर आतला वायू ज्वलनशील आहे, आणि कॉइलला भोक पडलं की दुरुस्ती संपली.

कव्हर निघालं की बर्फाचा आकार नीट बघा, निम्मं निदान तिथेच होतं. पूर्ण कॉइलवर सारखा, जाड, पांढरा थर असेल तर डिफ्रॉस्ट बंद आहे. एका कोपऱ्यात, गॅस शिरतो त्या टोकालाच थोडा बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा. कॉइल बरी, पण फ्रीझरच्या तळाला बर्फाची लादी आणि भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी असेल तर ड्रेन, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर नेणारी वाट, तुंबलाय. आमच्याकडे पहिला प्रकार होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

दारं उघडी टाकून, खाली टॉवेल आणि परात ठेवून सगळा बर्फ वितळू दिला. एवढं केल्यावर फ्रीज थोडे दिवस झकास चालतो आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते. गॅस कमी असता तर नुसतं वितळवून थंडावा परत आला नसता.

आता मल्टिमीटर. सगळं मोजमाप प्लग काढूनच आणि कनेक्टर सोडवून. हीटरच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. २३० गुणिले २३०, भागिले वॅट, एवढा ओहम यायला हवा. १५० वॅटचा हीटर म्हणजे साधारण ३५० ओहम, २०० वॅटचा २६५. आमचा ३५० च्या जवळ आला, म्हणजे हीटर शाबूत. काचेच्या नळीचा हीटर असेल तर टोकांची रबरी टोपणंही बघा: ती सैल झाली की पाणी आत जातं, नळी आतून काळी पडते आणि तार तुटते.

थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा) खोलीच्या तापमानाला मीटरवर बीप द्यायलाच हवा, म्हणजे त्यातून वीज जाते. बायमेटलचं, म्हणजे कॉइलवरच्या तापमानावर चालणाऱ्या स्विचचं, उलटं आहे. तो गरम असताना उघडा असतो, म्हणजे वीज जाऊ देत नाही, आणि कॉइल गोठणबिंदूच्या बरीच खाली गेल्यावर जुळतो. खोलीत बीप दिला नाही म्हणून चांगला बायमेटल फेकणारे पुष्कळ. नुसत्या बर्फातही तो जुळेलच असं नाही, कारण बर्फ शून्यावर थांबतो. कुटलेला बर्फ तीन भाग, जाड मीठ एक भाग असं मिश्रण करा. ते उणे १५ च्या आसपास सहज जातं. बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात पंधरा मिनिटं दाबून ठेवा आणि वायर बाहेर ठेवून मोजा. आमचा बायमेटल मिठाच्या बर्फातही उघडाच राहिला. दोषी सापडला.

फ्यूज गेलेला निघाला तर मात्र फक्त फ्यूज बदलू नका. बायमेटल जुळलेल्या अवस्थेत चिकटला की हीटर थांबत नाही, तापमान चढतं आणि फ्यूज जीव देतो. अशा वेळी दोन्ही बदला. फ्यूजच्या जागी सरळ वायर जोडून देणारा मेकॅनिक दारातूनच परत पाठवावा.

टायमरही तपासून घेतला. टोकांचे नंबर कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून त्याच्यावरची छोटी आकृती बघायची. कॉमन (दोन्हीकडे सामाईक असलेलं टोक) आणि कॉम्प्रेसर यांच्यात बीप हवा; मधला खाचेचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने 'टक्' होईपर्यंत फिरवला की तो बीप जाऊन कॉमन आणि हीटर यांच्यात यायला हवा. मोटर फिरते का हे कळायला स्क्रूवर पेनाने रेघ मारा आणि कॉम्प्रेसर दोन-तीन तास चालल्यावर बघा.

जुना बायमेटल बरोबर घेऊन एम. जी. रोडला गेलो आणि अंगावरचा कोड जुळवून नवा आणला, काहीशे रुपयांत. जोडणीला क्रिंप (वायरी दाबून जोडणारी धातूची टोपी) आणि वर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह. साधी इन्सुलेशन टेप ओल्या थंडीत सुटते. क्लिप कॉइलच्या नळीवर जुन्याच जागी बसवायची. जागा चुकली तर तो लवकर उघडतो आणि लांबच्या टोकाला बर्फ राहतो.

नवा भाग लावून लगेच टायमर फिरवला तर हीटर लागणार नाही, कारण कॉइल अजून गरम आहे. फ्रीज पाच-सहा तास चालू द्या, मग फिरवा. कॉम्प्रेसर आणि पंखा थांबले, आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) १५० वॅटला साधारण ०.६५ अँपिअर दिसले की काम झालं. थोड्या वेळाने मागच्या ट्रेमध्ये थेंब पडायला लागतात.

कॉइल उघडी आहे तोवर ड्रेनमध्ये सिरिंजने कोमट पाणी सोडा, ५० मिलि पुरे. पाणी ट्रेमध्ये उतरलं नाही तर नळीच्या खालच्या रबरी तोंडात शेवाळ असतं. हीटरपासून ड्रेनच्या भोकात लोंबणारी धातूची पट्टी असेल तर ती परत तिथेच सोडा, भोक गोठू नये म्हणून असते ती. दाराचं रबर कागद अडकवून तपासा: दार लावलेलं असताना कागद अलगद सुटला तर तिथून हवा शिरतेय, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चांगलं डिफ्रॉस्टही त्या वाफेला पुरं पडत नाही.

नव्या इन्व्हर्टर फ्रीजमध्ये टायमर नसतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बायमेटलचं कामही कॉइलवरचा सेन्सर करतो. तो थंड होताना त्याचे ओहम वाढतात, मुठीत धरला की उतरतात; आकडा हललाच नाही तर सेन्सर गेला. हीटर, फ्यूज आणि सेन्सर तिन्ही ठीक निघाले तरच फ्रीज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर संशय घ्यायचा, कारण सगळ्यात महाग भाग तोच आणि तोच आधी बदलायला सांगतात.