पौषातला घाम

पौषात धुळ्याचा पारा पहाटे पाच-सहा अंशांवर येतो. त्या दिवशी ओपीडीत सगळे मफलर-कानटोप्यांत गुंडाळलेले, आणि साक्री तालुक्यातले एक बाबा नुसत्या बंडीवर बाकावर बसलेले. कपाळावर घाम. शेजारी आजी, शाल घट्ट लपेटून, तोंड दुसरीकडे करून.

मी मूत्रविकार विभागात सिस्टर आहे. बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला. दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन मीच देते. पहिलं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिलं होतं. ‘काही त्रास?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘काही नई.’ उन्हाळ्यात ते खपूनही गेलं. मे महिन्यात खान्देशात घाम कोणाला येत नाही?

आत घेतल्यावर विचारलं, ‘बाबा, थंडी वाजत नाही का?’

आजीच बोलल्या. ‘यास्ले काय इचारतस, ताई? मन्हावर राग शे यास्ना. दिवाळीपाशीन वसरीवर निजतस.’

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘राग नई. आंगमा भट्टी पेटस. मंग घाम, मंग हुडहुडी. रातभर तेच.’

आजींनी कपाळावर हात मारला. ‘हाई तर मले बी व्हये! पाळी गयी तव्हय. तुम्हीच म्हनेत ना, नाटकं करस म्हनीसन?’

निदान आजींनी केलं होतं, मला फक्त कारण सांगायचं उरलं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते तोडलं की तो आवरतो, हे अमेरिकेतले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. तोडायचे रस्ते दोन: अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन, एकदाच आणि स्वस्तात, नाहीतर हे महागडं इंजेक्शन. बाबांनी ऑपरेशनला साफ नकार देऊन इंजेक्शन घेतलं होतं. बहुतेकजण तेच करतात, आणि त्यासाठी कर्जही काढतात. पण शरीराला दोन्ही सारखंच. हार्मोन गेलं की अंगात वाफा येतात, थकवा येतो, हाडं विरळ होतात, कधी छातीही दुखरी होऊन सुजते. बाबांनी शेतातल्या मोटारीवर चारचौघांत आंघोळ करणं का सोडलं, तेही तेव्हाच उलगडलं.

‘आणि इच्छाही जाते,’ मी दोघांसमोर, त्याच सुरात सांगून टाकलं. वेगळा आवाज काढला की माणूस आणखी मिटतो.

आजी हसल्या, ‘सत्तरीमा कसानी इच्छा!’

बाबा हसले नाहीत.

हा विनोद बायको करते, मुलगा करतो, आमच्यातलेही काही करतात. माणसाचं काहीतरी गेलेलं असतं आणि आपण त्याला त्याचं वय दाखवतो. आजींच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी शाल सारखी केली आणि विचारलं, ‘म्हनीसन वसरीवर?’ बाबांनी मान हलवली. मी सिरिंज भरायच्या निमित्ताने पाठ केली. त्यात जरा जास्तच वेळ लावला.

पुढचं सगळं व्यवहाराचं. सुती कपडे घालायचे, उशाशी पाणी ठेवायचं, कढत चहा आणि झणझणीत जेवण कमी करायचं. इथे बाबा पहिल्यांदा भांडले: शेवभाजी सोडणार नाहीत. म्हटलं, रात्रीची तरी सोडा. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोज बांधापर्यंत चालणं. वाफा फारच वाढल्या तर गोळी असते, ती डॉक्टर ठरवतील. इंजेक्शन मात्र मनाने बंद करायचं नाही. हे मी दोनदा बजावलं, कारण त्रास वाढला की पुरुष कोणाला न सांगता पुढची तारीखच चुकवतात.

पुढच्या खेपेला दोघं लवकर आले. मी नाव पुकारायच्या आत बाबांचा आवाज बाहेरून आला, शेजारच्या अनोळखी पेशंटला विचारत होते, ‘तुमले बी घाम येस का?’

आता मी ‘काही त्रास?’ विचारतच नाही. ‘रात्री झोपता कुठे?’ असं विचारते, आणि शक्यतो बायको सोबत असताना.