पॉलिश करू नका हो, कंपास आहे तो!

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला दुसऱ्या महायुद्धातला मार्क थ्री प्रिझ्मॅटिक कंपास, म्हणजे प्रिझममधून अंश वाचायचं फौजी होकायंत्र, दिसला. हातात घेतला आणि जीव कळवळला. दुकानदाराने तो घासघासून लखलखीत पिवळा करून ठेवला होता. वरचा काळा रंग गेलेला, ब्रिटिश सरकारी मालावरचा बाण पुसट झालेला, 'टी. जी. कं. लि. लंडन'च्या खालचं साल तर बोटाने चाचपूनही लागेना. वर उत्तर काय, तर "चमक के बिना कौन लेगा, भैया?" अहो, उन्हात पितळ चमकून माणसाची जागा उघडी पडू नये म्हणूनच तर तो रंग होता! शेजारी लंडनच्या नामांकित कंपनीचं नाव आणि १८८५ साल कोरलेले नवेकोरे डबीकंपास होते, रुडकीकडे शोभेसाठी बनतात त्यातले. ते 'अँटिक' म्हणून विकणं चालूच होतं. काही न घेता बाहेर पडलो.

सराफ्यातला भुट्ट्याचा कीस, गराडू, छप्पन दुकान, सगळं झालं. गर्दी मला सोसत नाही, पण खायला घालण्यात इंदूरकरांचा हात कुणी धरू शकत नाही.

आत्या महूला राहते. इंग्रज-होळकरांच्या १८१८ च्या मंदसौर तहानंतर वसलेली ही छावणी अजूनही फौजी शिस्तीत आहे. आतोबा लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन विभागातून, निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडेही मार्क थ्रीच आहे, पण काळा रंग शाबूत, फक्त कडांना अंगठ्याने झिजलेला. "चल, जानापावला जाऊ. कपाटात ठेवून कंपास कळत नसतो," म्हणाले.

जानापाव म्हणजे चंबळेचं उगमस्थान, परशुरामाची जन्मभूमी म्हणून लोकांची श्रद्धा. रविवार होता, वर मोटारसायकलींची जत्रा. आतोबांनी मला गर्दीपासून आणि लोखंडी कठड्यापासून लांब नेलं. "फोन तिकडे दगडावर ठेव. चष्म्याची फ्रेम स्टीलची आहे काय रे? काढ मग." मुद्दाम कठड्याजवळ नेऊनही दाखवलं. लोखंडाच्या ओढीने कंपासातली चुंबकी तबकडी चांगलीच सरकली.

मग अंगठा कडीत, झाकण उभं, प्रिझम डोळ्याशी. झाकणाच्या काचेवर एक बारीक उभी रेघ असते, ती समोरच्या टेकडीवरच्या टॉवरवर आणायची. त्याच वेळी प्रिझममधून खाली तबकडीवरचे अंश दिसतात, मान हलवायची गरज नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर बाहेरच्या वर्तुळातले आकडे उलटे छापलेले आणि उत्तरेच्या टोकाला चक्क १८०! प्रिझम आपल्या बाजूला असतो, त्यामुळे आपण उत्तरेकडे तोंड केलं की त्याच्याखाली तबकडीचं दक्षिण टोक येतं. तिथे शून्य वाचता यावं म्हणून सगळी तबकडीच फिरवून आखलेली आहे. मी बराच वेळ नुसता डोळा लावून बसलो. तबकडी द्रवात तरंगते, त्यामुळे झुलत राहत नाही. दोन हलके हेलकावे, की थांबली.

२१२ अंश. "आता उलटं काढ." १८० वजा, ३२. त्या टॉवरपासून ३२ अंशांवर नकाशात रेघ मारायची, दुसऱ्या खुणेवरून दुसरी, आणि जिथे कटतील तिथे आपण. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक या भागात एखाद्या अंशाच्या आतबाहेर, म्हणून आतोबांनी तो सोडून दिला. रेघा आमच्या टेकडीवरच कटल्या. मोबाइलच्या निळ्या ठिपक्याने असा आनंद मला कधी दिलेला नाही.

परतताना त्यांनी एक बजावलं. आकड्यांवरचा रंग रेडियमचा आहे. आता तो अंधारात चमकत नाही, कारण त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड थकलं, पण रेडियम तसाच आहे. त्याचं अर्धआयुष्य १,६०० वर्षं! म्हणून काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही, आत बुडबुडा दिसला तरी गल्लीतल्या घड्याळजीकडे न्यायचा नाही.

इंदूर-महूकडे कुणाच्या घरी असा एखादा असेल तर त्याला ब्रासो पॉलिश लावू नका, स्पीकरजवळ ठेवू नका, आणि जमलं तर मला एकदा बघायला बोलवा. मी खास त्यासाठी येईन.