बॅकअप यशस्वी झाला, पण डेटाबेस आला नाही

जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर त्रुटी दिसू लागल्यामुळे मला प्रॉक्समॉक्स या आभासी सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीवरचे सहा एलएक्ससी कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे चालणारे छोटे लिनक्स सर्व्हर, दुसऱ्या यंत्रावर हलवायचे होते. व्हीझेडडम्प या प्रॉक्समॉक्सच्याच साधनाने बॅकअप घेतले, फायली नव्या यंत्रावर नेल्या, बॅकअपमधून कंटेनर परत उभा करणारी पीसीटी रिस्टोअर ही आज्ञा चालवली आणि पाच कंटेनर तासाभरात सुरू झाले. सहाव्यात मारियाडीबी ही डेटाबेस प्रणाली होती आणि पुढचे दोन दिवस तिच्यातच गेले.

कंटेनर चालू होता, परंतु डेटाबेसची सेवा सुरू होताच बंद पडत होती आणि लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची नोंद येत होती. कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड होता, म्हणजे आतला ० क्रमांकाचा रूट (मुख्य प्रशासक वापरकर्ता) बाहेर, मूळ यंत्रावर, १००००० म्हणून नोंदला जात होता. त्यामुळे रिस्टोअर करताना फायलींची मालकी बिघडली, अशी माझी खात्रीच झाली. संपूर्ण संध्याकाळ मी मालकी दुरुस्त करत बसलो. दुरुस्तीनंतर त्रुटीचा मजकूर बदलला आणि सिस्टीमचे तक्तेच सापडत नाहीत असे लॉग सांगू लागला. तेव्हा कुठे मी डिरेक्टरी उघडून पाहिली: सेवेने नुकत्याच तयार केलेल्या दोन-चार फायलींखेरीज तिच्यात काहीही नव्हते.

बॅकअपचा जुना लॉग वरपासून वाचल्यावर उलगडा झाला. डेटाबेस वेगळ्या माउंट पॉइंटवर, म्हणजे कंटेनरला स्वतंत्रपणे जोडलेल्या साठ्यावर, होता आणि तो बॅकअपमधून वगळल्याचे एका ओळीत लिहिले होते. त्याखाली काम यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याची नोंदही होती. कंटेनरची मूळ डिस्क बॅकअपमध्ये नेहमी येते, मात्र जोडलेल्या माउंट पॉइंटवर 'बॅकअप'ची खूण आपण स्वतः करावी लागते. माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे, तरीही डेटा गाळलेल्या बॅकअपला यशस्वी म्हटलेले पाहून आजही माझा संताप होतो. बॅकअपच्या फाइलचा आकार एकदा जरी पाहिला असता, तरी ती डेटाबेसपेक्षा कितीतरी लहान असल्याचे लगेच लक्षात आले असते.

सुदैवाने जुनी डिस्क अजून वाचता येत होती. खूण केली, स्टॉप मोडमध्ये, म्हणजे कंटेनर बंद ठेवून, पुन्हा बॅकअप घेतला आणि या वेळी प्रत्येक तक्ता जागेवर आला. ती यादी पडद्यावर दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: रिस्टोअर नेहमी नव्या क्रमांकावर करावे. आधीपासून असलेल्या कंटेनरच्याच क्रमांकावर केले, तर त्याच्या माउंट पॉइंटवरचा डेटाही पुसला जातो, आणि बॅकअपमध्ये तो नसेल तर कायमचा जातो. जुना कंटेनर चालू असेल, तर नवा सुरू करण्यापूर्वी नव्याचा आयपी पत्ता बदलावा, नाहीतर दोघांची टक्कर होते. बाइंड माउंट, म्हणजे मूळ यंत्रावरच्या डिरेक्टरी थेट कंटेनरला जोडलेल्या, खूण करूनही बॅकअपमध्ये येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी काढावी लागते. माझ्या उरलेल्या कंटेनरांपैकी दोघांत तसे माउंट निघाले, आणि त्यांच्यासाठी मी त्याच रात्री आरसिंक हे फायलींची प्रत काढणारे साधन लावले.