ऑइल चेंबरचे गेलेले आटे पुन्हा बसवताना

गाडीचे ऑइल बदलण्याचे काम मी अनेक वर्षे स्वतःच करतो. त्या दिवशी जुने ऑइल निथळून झाले, ऑइल सोडण्याच्या भोकाचा ड्रेन बोल्ट पुसून मी हाताने बसवला आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की खटका वाजवणारा पाना, लावून शेवटचा ताण द्यायला सुरुवात केली. बोल्ट आधी नेहमीसारखा घट्ट होत गेला आणि रेंचचा खटका वाजण्याच्या बेतात असतानाच हातातला जोर एकदम ओसरला. त्यानंतर बोल्ट नुसताच फिरत राहिला. बाहेर काढून पाहिला तेव्हा त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची एक बारीक, चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती. ते चेंबरचेच, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचेच, आटे होते. नवे ऑइल अजून भरलेले नव्हते, एवढीच त्यातली समाधानाची बाब होती.

रेंच योग्य मापावर लावलेला असूनही आटे गेले, याचा अर्थ ते आधीच दुबळे झालेले होते. त्याच्या आधीची सर्व्हिस एकदा बाहेर झाली होती आणि या खेपेला तो बोल्ट सोडवण्यासाठी मला पान्यावर अक्षरशः लोंबकळावे लागले होते, तेव्हाच मनात शंका आली होती. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत या बोल्टसाठी 35 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, दिलेला आहे. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण बारा किलोचा जोर लावला की तो पुरा होतो, आणि एवढ्याशा जोरानेही 14 मिलिमीटरच्या बोल्टमध्ये ढोबळ हिशेबाने बाराशे किलो वजनाइतका ताण निर्माण होतो. बोल्ट पोलादाचा, चेंबर मऊ अॅल्युमिनियमचे. लांब पाना घेऊन अंगाचा भार टाकला, किंवा वॉशर न बदलता गळती थांबवण्यासाठी बोल्ट आवळत नेला, तर आधी कोण हार मानणार हे ठरलेलेच असते.

दुरुस्तीचे उपाय बरेच सुचवले जातात. सर्वांत सोपा म्हणजे जाडसर, स्वतःचे आटे स्वतः पाडत जाणारा बोल्ट घालणे. तो मला पहिल्यापासून नको होता, कारण तो सरळच जाईल याची खात्री नसते, धातूचा कीस थेट चेंबरमध्ये पडतो आणि पाचरीसारखा ताण बसून भोकाच्या कडेला तडा जाऊ शकतो. भोकात आतल्या बाजूला न वापरलेले आटे शिल्लक असतील तर थोडा लांब बोल्ट घालूनही भागते, म्हणून मी आधी खोली मोजली, पण माझा बोल्ट आधीच संपूर्ण खोली वापरत होता. अॅल्युमिनियमची वेल्डिंग करता येते खरी, पण वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या धातूवर ती नीट बसवणे फार कुशल हाताचे काम आहे. उरले इन्सर्ट, म्हणजे भोक मोठे करून त्यात बसवायचे तयार आटे. त्यातही दोन प्रकार असतात, एक पोलादी तारेची गुंडाळी आणि दुसरा भरीव बुश. वारंवार उघडल्या जाणाऱ्या बोल्टसाठी भरीव बुश अधिक चांगला, असे माझे आजही मत आहे, परंतु त्याला भोक जास्त मोठे करावे लागते आणि माझ्या चेंबरला भोकाभोवतीची भिंत बेताचीच होती. म्हणून मी तारेची गुंडाळी निवडली.

खरा निर्णय होता तो चेंबर गाडीवरच ठेवून काम करायचे की उतरवायचे, हा. गाडीवर ठेवून, टॅपच्या (आटे पाडण्याच्या हत्याराच्या) खाचांत कीस चिकटून राहावा म्हणून ग्रीस भरून काम करणारे अनेक जण आहेत, आणि मोटारसायकलमध्ये, जिथे भोक थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचातच, असते, तिथे दुसरा मार्गही नसतो. मी मात्र चेंबर उतरवले. तेल चेंबरमधून जाळीवाटे आधी पंपात जाते आणि मग फिल्टरमध्ये. म्हणजे जाळीतून निसटलेल्या बारीक किसाची पहिली गाठ पंपाशीच पडते. नुसते धुऊन तो सगळा बाहेर येईल, असे मानायला माझे मन तयार नव्हते. चेंबर सोडवायला अर्धा दिवस गेला, कारण सिलिकॉनने चिकटलेला सांधा पातळ पात्याने थोडा थोडा उचलावा लागला. घाई केली असती तर सांध्याच्या पृष्ठभागावर ओरखडे पडले असते आणि मग तिथून तेल पाझरले असते.

प्रत्यक्ष आटे पाडण्याचे काम तासाभराचेही नव्हते, पण सगळी काळजी त्या तासातच घ्यावी लागली. चेंबर ड्रिल मशीनच्या टेबलावर असे बांधले की वॉशर जिथे बसतो तो पृष्ठभाग ड्रिलला काटकोनात राहील, आणि ते गुण्याने चारही बाजूंनी तपासले. गुंडाळीच्या किटमध्ये आलेल्या ड्रिलने भोक साधारण साडेचौदा मिलिमीटरचे केले. जुने आटे जवळपास गेलेलेच असल्यामुळे फार धातू काढावा लागला नाही. मग ड्रिल काढून मशीनच्या त्याच चकमध्ये (पकडीत) टॅप पकडला, मशीनचा वीजपुरवठा तोडला आणि चक हाताने फिरवत पहिले तीन-चार आटे पाडले. टॅप तिरका जाण्याचा धोका सुरुवातीलाच असतो, आणि मशीनचा दांडा तो सरळ धरून ठेवतो. पुढचे काम टॅप हँडलने केले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करत आणि मधून मधून रॉकेल सोडत. मागे फिरवताना कीस तुटल्याची बारीकशी कुरकुर हाताला जाणवते. ती जाणवली नाही तर मी टॅप पूर्ण बाहेर काढून साफ करत होतो.

त्यानंतर भोक धुतले, हवा मारली आणि आटे पूर्ण कोरडे केले. गुंडाळीचा बाहेरचा व्यास मोकळी असताना भोकापेक्षा किंचित मोठा असतो. बसवण्याच्या दांड्यावर ती आवळून आत फिरवली जाते आणि सोडल्यावर फुलून आट्यांना धरून राहते. मी बाहेरून थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) अगदी पातळ थर दिला आणि तिचे टोक पृष्ठभागाच्या अर्धा फेरा आत जाईपर्यंत फिरवले. हे अर्ध्या फेऱ्याचे अंतर महत्त्वाचे असते, कारण तेल अडवण्याचे काम आट्यांचे नसून वॉशरचे असते आणि तारेचे टोक वर आले तर वॉशर सपाट बसूच शकत नाही. गुंडाळीच्या खालच्या टोकाला फिरवण्यासाठी एक आडवी जीभ असते. बारीक आट्यांच्या या मोठ्या मापात ती ठोकून तोडण्याऐवजी निमुळत्या पकडीने वरखाली वाकवून खाचेपाशी तोडणे चांगले. तोडलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला आणि मगच पुढचे काम हाती घेतले.

चेंबर रॉकेलने तीनदा धुतले. आतल्या आडव्या पत्र्याच्या मागे तिसऱ्या वेळीही दोन-तीन चमकणारे कण सापडले, तेव्हा चेंबर उतरवण्यात घालवलेल्या अर्ध्या दिवसाचे समाधान वाटले. सिलिकॉन लावून चेंबर बसवले, एक पूर्ण दिवस सुकू दिले, नवा बोल्ट नव्या तांब्याच्या वॉशरसह घातला आणि टॉर्क रेंच लावला. खटका 35 वर स्पष्ट वाजला. ऑइल भरून इंजिन सुरू केल्यावर ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही क्षणांत विझला. रात्रभर गाडीखाली पांढरा कागद ठेवला होता. सकाळी त्यावर एकही डाग नव्हता.

ते ऑइल मी 500 किलोमीटरनंतरच बदलले. कीस अॅल्युमिनियमचा आणि तार स्टेनलेस पोलादाची, म्हणजे चुंबक फिरवून फारसे काही हाती लागणार नव्हते. म्हणून फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून घडी घडी तपासला. त्यात चमक दिसली नाही. बोल्ट सोडवताना गुंडाळी त्याच्याबरोबर बाहेर येते की काय, ही एकच धास्ती होती. बोल्ट हलका सैल झाला, बोटांनी फिरवत एकटाच बाहेर आला आणि टॉर्चच्या उजेडात गुंडाळीचे टोक जिथे बसवले होते तिथेच, पृष्ठभागाच्या अर्धा फेरा आत दिसले.